पादचाऱ्याचा वाटा

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, कामगार अशा सर्वांचे ते वाहन असे, आणि तिला कराचा बिल्ला लावून नगरपालिका उत्पन्नही घेई. पुढे स्कूटर आली. १९७२ साली निघालेली बजाजची ‘चेतक’ तर आकुर्डीसच घडू लागली. दोष स्कूटरचा नव्हे. रस्ते रुंद होत गेले, पण त्यांत सायकलस्वाराचा व पादचाऱ्याचा वाटा फारसा कोणी राखला नाही.

हिंजवडी हे ह्याच चुकीचे अलीकडील उदाहरण होय. म्हातोबाच्या बगाडासाठी ओळखल्या जाणाऱ्या ह्या गावी औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले. टोलेजंग इमारती उठल्या. पण मोटारींच्या रांगांच्या कडेने जे रखवालदार, स्वयंपाकिणी व मजूर चालतात, त्यांना पुष्कळ ठिकाणी सलग पदपथ नाही. २०१८ मध्ये माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ह्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची कोनशिला बसली; अंदाजी खर्च ८,३१३ कोटी रुपये. तो अनाठायी आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गाडीतून उतरलेला प्रत्येक उतारू अखेर पादचारीच असतो. स्थानकापासून कचेरीपर्यंत नीट वाट नसेल, तर तो घरून मोटारच काढील.

सरकारास हे ठाऊक नाही, असेही नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाकडे पाहावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच सांगितले आहे. हॉलंडात १९७१ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे, त्यांत चारशेहून अधिक मुले, दगावली. आईबापांनी चळवळ उभारली, आणि पुढे सरकारने सायकलमार्गांवर पैसा घातला.

आमच्या उन्हापावसात कोण चालणार, असा आक्षेप नेहमी येतो. ज्येष्ठ वद्यात देहूहून निघणारी तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करून पंढरीस जाते, हे आक्षेपक विसरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी दुतर्फा स्वतंत्र पायवाटेची योजना केली गेली. वर्षातून एकदा चालणाऱ्यासाठी जे योग्य ठरले, ते रोज चालणाऱ्यास नाकारण्याचे कारण काय?

म्हणून आमचे मागणे एवढेच की, ह्या भागातील प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकात पदपथ व सायकलमार्ग ह्यांची रक्कम आधी वेगळी काढावी, आणि मग मोटारींचा विचार करावा.