कासवाचा क्षय

मंडळी, देवळात शिरताना आपण आधी कासवाला नमस्कार करतो, मग देवाकडे जातो. ते दगडी कासव आजारी पडत नाही. पण हल्ली आपल्या नाशकातही काही घरांत काचेच्या टाकीत कासव असतं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळ अमेरिकेतलं. ते पडतं. कवच सडतं, डोळे सुजतात. मग घरातले विचारतात, ‘याचं आम्हाला काही होईल का हो?’

सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हाच प्रश्न उलटा विचारला गेला. कासवाच्या रोगातून माणसाचा रोग बरा होईल का?

तिथल्या मत्स्यालयातल्या दोन समुद्री कासवांच्या फुप्फुसांत क्षयासारखी विकृती आढळली. फ्रीडरिख फ्रान्झ फ्रीडमान या डॉक्टरने त्यातून जिवाणू वेगळा काढला आणि 1903 साली ते जाहीर केलं. त्याचा तर्क असा, की थंड रक्ताच्या प्राण्यातला हा जंतू माणसाला सौम्य जाईल, आणि खऱ्या क्षयापासून वाचवेल. गाईच्या देवीवरून जेनरने 1796 मध्ये हेच केलं होतं ना! आता आमचे नैयायिक उपमान हे प्रमाण मानतात, बरं का. पण साम्यावरून गवय ओळखता येतो. औषध सिद्ध होत नाही.

काळ कसा होता, तेही पाहा. कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, 1890 मधलं त्याचं ट्युबरक्युलिन उपचार म्हणून फसलं, आणि स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून कितीतरी वर्षं होती. अशा वेळी 1913 मध्ये फ्रीडमान न्यूयॉर्कला आला. चार्ल्स फिनले नावाच्या बँकरने दहा लाख डॉलर देऊ केले होते. हॉटेलच्या दारात रोग्यांची रीघ लागली. लस कशी बनवतो, हे मात्र तो सांगेना. सरकारी डॉक्टरांनी रोगी तपासले. दाव्याला आधार मिळाला नाही. त्या रीघेतल्या माणसांचं काय झालं असेल, याचा मला जास्त विचार पडतो.

कासवाचं नाव मात्र जंतूला चिकटलं ते चिकटलंच. आजचं मायकोबॅक्टेरियम चेलोनी हे नाव कासवाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. खरं तर तो पाण्यात, मातीत राहणारा जंतू. आपल्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काही जखमा महिनोन् महिने भरत नाहीत, त्यातल्या काहींमध्ये हा सापडतो. तिथे कासव कुठलं आलं? उपकरणं नीट निर्जंतुक केलेली नसतात, पाणी दूषित असतं.

साल्मोनेलाचं तसं नाही. तो धडधाकट कासवाच्याही आतड्यात असतो, आणि लहान मुलं कासव हाताळून तोच हात तोंडात घालतात. म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी केली. तेव्हा हात साबणाने धुवा, आणि टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

आणि कवच सडतं ते बहुतेकदा घाण पाण्यामुळे. त्या कासवाला पाण्याबाहेर येऊन, उन्हात पूर्ण कोरडं होऊन बसायला जागा लागते. टाकीत नेमकी तीच नसते.