पांढरी चिप्पी

पांढरी चिप्पी : (सोनरॅशिया आल्बा, कुल लिथ्रेसी). भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणारा, रात्री फुलणारा कांदळवृक्ष. महाराष्ट्राच्या राज्य वन्यजीव मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये याला राज्य कांदळवृक्ष ठरवले; असे मानचिन्ह निवडणारे हे देशातले पहिले राज्य. राज्यपुष्प ताम्हणही लिथ्रेसी कुलातलेच. मेंदी आणि डाळिंब याच गोतातली.

कळी जाड, हिरवी. संध्याकाळी तिची सहा ते आठ संदले (बाहेरच्या आवरणाची दले) फाकतात आणि आतून पांढऱ्या केसरांचा भरगच्च झुबका बाहेर पडतो, दाढीच्या ब्रशासारखा. खऱ्या पाकळ्या अरुंद, पांढऱ्या, तळाशी किंचित गुलाबी. झुबक्यात त्या शोधाव्या लागतात. तळाशी मध साचतो, त्यावर वटवाघळे आणि पतंग येतात व परागण होते. सकाळपर्यंत केसर गळून चिखलात किंवा पाण्यावर पडतात. संदले मात्र झडत नाहीत. पुढे धरणाऱ्या चपट्या हिरव्या फळाखाली ती चांदणीसारखी राहतात आणि टोकाला वाळलेल्या कुक्षिवृंताचे शेपूट. या फळांचे लोणचे घालतात.

झाड अगदी दुर्मीळ म्हणता येणार नाही. पण उमललेले फूल पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. मुंबईच्या किनाऱ्यावर तिवर या दुसऱ्या कांदळवृक्षाचेच राज्य आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरालगतच्या कांदळवनाकडे उंच इमारतीतून पाहणाऱ्याला तो एक हिरवा पट्टाच दिसतो. चिप्पी वाढते समुद्राच्या अगदी तोंडावर, पाय रुतणाऱ्या गाळात. रात्री तिथवर जायचे तर होडी हवी, भरतीची वेळही साधायला हवी. कोळ्यांना कांदळवनाची ओळख असते ती चिंबोरी, निवटी, बोय आणि कोळंबीच्या पिल्लांमुळे. फुलासाठी तिकडे कोण वळणार? शहरात रात्रीच्या फुलाचा सगळा मान कुंडीतल्या ‘ब्रह्मकमळा’ला. ते उमलले की शेजारीपाजारी जमतात, हळदकुंकू वाहिले जाते. वास्तविक ते मध्य अमेरिकेकडचे निवडुंग. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचे नाते नाही. चिप्पीच्या वाट्याला शासननिर्णयातला मान आला, पूजा नाही.

चिप्पी ज्यांत वाढते त्या कांदळवनांच्या रक्षणासाठी वनविभागाचा स्वतंत्र कक्ष २०१२ पासून आहे. कांदळवनाची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही बांधकामापासून मुक्त ठेवायला सांगितले.