वाटसरू कोणाच्या हाकेने निघतो?

महाराष्ट्रात दक्षिण काशी किती, असे कोणी विचारले तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होईल. करवीर ही दक्षिण काशी आहे हे आपल्या पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु पैठणचा मनुष्य पैठणास तेच म्हणतो, वाईकर कृष्णेच्या घाटावर उभा राहून वाईला म्हणतो, आणि नाशिककर गोदावरीची साक्ष काढतो. उत्तरेच्या काशीने मात्र स्वतःस उत्तर-करवीर म्हणवून घेतल्याचे ऐकिवात नाही! एकच बिरुद चौघांनी मिरवले, तरी चौघांच्या दारी गर्दी सारखी नाही. वाईच्या गणपतीला आणि करवीरच्या अंबाबाईला येणाऱ्या यात्रेकरूंची तुलना कोणी करणार नाही. मग त्या बिरुदाने नेमके काय केले? आजच्या आमच्या विषयाचे बीज या साध्या प्रश्नात आहे.

हल्ली प्रत्येक राष्ट्राचे पर्यटनखाते एखादे घोषवाक्य पदरी बाळगते. आपल्या देशाने 2002 मध्ये ‘अतुल्य भारत’ हे नाव धारण केले. थायलंडने त्याआधीच ‘अमेझिंग थायलंड’ म्हणावयास सुरुवात केली होती. मलेशियाने आपणच खरा आशिया आहो असे जाहीर केले. या वाक्यांवर सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून, पैसा जातो. तेव्हा ती ऐकून प्रवासी खरोखर वाट बदलतो काय, हे पाहणे हा केवळ पंडितांचा छंद नव्हे. चांदीचा धंदा करणाऱ्या या गावात तर आम्ही निर्धास्तपणे म्हणू शकतो की, वस्तू कितीही चकाकली तरी तिचा टंच काढल्यावाचून भाव ठरवू नये.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. क्षेत्रांची माहात्म्ये ही त्या काळची पर्यटनपत्रकेच होती, असे म्हटले तर भाविकांनी रागावू नये. करवीर माहात्म्य काशीहूनही करवीराची थोरवी अधिक सांगते. इतर क्षेत्रांची माहात्म्येही आपापल्या क्षेत्राविषयी हात आखडता घेत नाहीत. परंतु माहात्म्याच्या पाठीशी क्षेत्रोपाध्यांची वही होती, आणि आमच्या मते खरे काम त्या वहीने केले. तुमचे आजोबा अमुक साली येथे आले होते, त्यांची ही सही, असे सांगणारा उपाध्याय भेटला की नातवाचे पाऊल दुसऱ्या क्षेत्राकडे वळत नसे. उतरण्याची सोय, जेवणाची सोय, विधीची सोय आणि वर पूर्वजांचे नाव! एवढे सगळे एका बिरुदात कोठून येणार?

कथा मात्र बिरुदाहून बलवत्तर असते, हे कबूल केले पाहिजे. भृगूने विष्णूच्या वक्षावर लाथ मारली, लक्ष्मी रुसून वैकुंठ सोडून करवीरास आली आणि तिच्या मागोमाग विष्णू वेंकटाचलावर राहिला, ही कथा तेलुगू मुलखात घरोघर सांगतात. म्हणून तिरुपतीचे दर्शन घेतलेला आंध्रातला यात्रेकरू कोल्हापूर गाठल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे मानीत नाही. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईस शालू येतो, आणि तिरुपती व कोल्हापूर यांना जोडणाऱ्या आगगाडीचे नावही हरिप्रिया असे ठेवलेले आहे. त्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला दक्षिण काशी हे शब्द कदाचित माहीतही नसतील. तो रुसलेल्या लक्ष्मीला भेटावयास येतो. कथेने त्याच्या मनात ओढ निर्माण केली, आणि 1891 साली मिरजेहून कोल्हापुरास आलेल्या लोहमार्गाने ती ओढ पुरी करण्याची सोय केली. पंढरपूरचेही तसेच. वारी शतकानुशतके पायी चालली आहे, तिला कोणी जाहिरात देऊन बोलावले नाही. आणि 1906 च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपुरास पोहोचली तेव्हा ज्यांचे पाय थकले होते त्यांचीही सोय झाली.

येथे ‘घोष’ या शब्दाकडे थोडे लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात सासनकाठ्या नाचतात तेव्हा ‘चांगभलं’ चा घोष होतो. तो घोष कोण करतो? डोंगरावर राहणारा गुरव यात्रेकरूंना बोलावण्यासाठी करीत नाही. गुलालात न्हालेला, काठी खांद्यावर घेतलेला यात्रेकरूच करतो. विठ्ठलनामाचा गजर वारकऱ्याच्या तोंडी असतो आणि आईचा उदोकार भक्ताच्या. आपल्या परंपरेतला घोष हा निघालेल्याच्या मुखातला आहे; पर्यटनखात्याचे घोषवाक्य हे बोलावणाऱ्याच्या मुखातले आहे. दोहोंत यजमानाच्या आमंत्रणाइतका आणि पाहुण्याच्या हौसेइतका फरक आहे. आमंत्रण छापता येते, हौस छापता येत नाही.

इंग्रजी अमदानीत हवा खाण्यासाठी प्रवास करण्याची रीत आली. महाबळेश्वर हे कृष्णेच्या उगमाचे जुने क्षेत्र. परंतु त्याचे थंड हवेचे ठाणे केले ते मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने, 1828-29 च्या सुमारास. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा घेतली गेली, आणि महाराजांनी साताऱ्याहून वर जाणारा गाडीरस्ता बांधून दिला. गव्हर्नर उन्हाळ्यात जेथे जातो तेथे मुंबईची बडी मंडळी जाणारच, हे सांगावयास कोणत्याही घोषवाक्याची गरज पडली नाही. माथेरान 1850 मध्ये मॅलेट साहेबाने हेरले. पण सामान्य मुंबईकराला ते आवाक्यात आले ते 1907 साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली तेव्हा.

पुढे 1930 च्या आसपास रेल्वेने परदेशी श्रीमंतांसाठी ‘व्हिजिट इंडिया’ची मोठी रंगीत भित्तिपत्रके काढली. चित्रे देखणी होती, आजही संग्राहक त्यांना जपतात. गंमत एवढीच की, उतारूंपासून रेल्वेला जे उत्पन्न होई त्याचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्गाकडून येई, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्या यात्रेकरूसाठी ती चित्रे नव्हती. त्या डब्यांची दशा काय होती हे गांधीजींनी 1917 साली स्वतंत्र पुस्तिका लिहून सांगितले आहे. ज्याला बोलावले तो मोजका आला. ज्याला कोणी बोलावले नाही, उलट हाल केले, तो लोटांगण घालीत आला.

आता अलीकडच्या आकड्यांकडे वळू. आपल्या सरकारने 1991 हे वर्ष ‘भारत पाहा’ म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी काय झाले? आरंभीच आखाती युद्ध पेटले, मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली, आणि परकीय चलनाची गंगाजळी आटली. 1990 मध्ये 17 लाख 7 हजार परदेशी पाहुणे आले होते. आमंत्रणाच्या वर्षी 16 लाख 78 हजार आले. ज्या वर्षी हाक सर्वांत मोठी मारली त्याच वर्षी पाहुणे कमी! पुढच्या वर्षी काही हाक न मारता ते 18 लाख 68 हजार झाले. रुपयाचे अवमूल्यन होऊन परदेशी माणसाला हा देश स्वस्त झाला होता.

‘अतुल्य भारत’ ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अमिताभ कांत आणि व्ही. सुनील या मंडळींनी 2002 मध्ये ही मोहीम उभी केली. त्यापूर्वी परदेशांतल्या आपल्या निरनिराळ्या कचेऱ्या निरनिराळ्या जाहिराती करीत. त्या ठिकाणी एक नाव, एक चित्रभाषा आली. हे काम चांगले झाले, यात शंका नाही. 2001 मध्ये 25 लाख 37 हजार पाहुणे होते, 2002 मध्ये ते 23 लाख 84 हजारांवर उतरले. कारण अमेरिकेतील हल्ले, आपल्या संसदेवरचा हल्ला आणि सीमेवरची सैन्याची जमवाजमव. 2004 मध्ये मात्र आकडा 34 लाख 57 हजारांवर गेला. मोहिमेचे चाहते हा आकडा छातीवर बिल्ल्यासारखा लावतात. पण त्याच वर्षांत सीमेवरची तणातणी निवळली, संगणकाच्या धंद्यासाठी बंगळूर-पुण्यास परदेशी लोक येऊ लागले, विमानांच्या फेऱ्या वाढल्या. कोणत्या धाग्याने वस्त्राला किती बळ दिले, हे वस्त्र विणून झाल्यावर कसे सांगावे? एवढे मात्र खरे की 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि जगात मंदी आली, तेव्हा घोषवाक्य तेच असूनही 2009 चा आकडा खाली आला.

आणखी एक गोष्ट या गणितात सहसा कोणी सांगत नाही. 2016 पासून पुढची काही वर्षे आपल्याकडे येणाऱ्या परदेशीयांत पहिला क्रमांक बांगलादेशाचा होता. हे लोक कोलकात्यातील वैद्याला दाखवावयास, नातलगांना भेटावयास, लग्नाची खरेदी करावयास येतात. त्यांना भारत अतुल्य आहे हे आपण सांगावयाचे? त्यांची आजी येथे जन्मलेली असते! उलट 2014 च्या अखेरीस घरबसल्या परवाना मिळण्याची सोय झाली, तिचा उपयोग 2015 मध्ये सुमारे साडेचार लाखांनी केला आणि 2016 मध्ये सुमारे पावणेअकरा लाखांनी. त्यांतले पुष्कळ तसेही आले असते, हे मान्य. परंतु कचेरीतल्या एका खिडकीचा जाच कमी झाला की माणूस कसा सुटतो, ते यावरून दिसते. थायलंडच्या घोषवाक्याचे लोक कौतुक करतात. पण 1997 मध्ये तेथील चलन कोसळले, 1998 च्या आरंभी एका डॉलरला पूर्वीच्या पंचवीसऐवजी पन्नासाहून अधिक बाट मिळू लागले, ही गोष्ट त्या कौतुकात गळून जाते. अर्ध्या किमतीत मिळणारी वस्तू अद्भुत वाटतेच.

आपल्या शेजारचा गोवा पाहा. 1961 पर्यंत तेथे पोर्तुगीज होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत केस वाढवलेली पाश्चात्त्य तरुण मंडळी खुश्कीच्या मार्गाने येऊन कळंगुट-हणजुण्याच्या वाळूवर पडली ती एकमेकांच्या सांगण्यावरून. 1987 मध्ये जर्मनीहून थेट विमान उतरले आणि चित्र पालटले. आमच्याकडची मंगेशी-शांतादुर्गेची कुळे तर पिढ्यान् पिढ्या जात होती. केरळने 1989 मध्ये ‘देवाची स्वतःची भूमी’ हे नाव घेतले आणि ते जगभर गाजले. आम्हांस हे उदाहरण घोषवाक्याच्या बाजूचे सर्वांत चांगले वाटते. पण तेथेही खाडीतल्या तांदूळवाहू होड्यांच्या घरनावा झाल्या, आयुर्वेदाचे मठ सजले, 1999 मध्ये कोचीचा नवा विमानतळ झाला. नाव आणि माल एकदम तयार झाले, म्हणून नाव शोभले.

मग घोषवाक्य निव्वळ वाया जाते काय? असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने जावयाचे ठरवले आहे, ज्याच्या हाती पैसा व रजा आहे, आणि ज्याच्यापुढे सारख्याच मोलाच्या दोन जागा आहेत, त्याचे पारडे एखाद्या वाक्याने झुकत असेल; परंतु ते वाक्याने झुकले की दराने, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. जाहिरात पाहून आलेल्यांची गणती करणारे पाहणीदारही येथेच अडतात, कारण जो आधीच निघण्याच्या बेतात असतो तोच जाहिरात लक्ष देऊन वाचतो. कधी कधी वाक्याचा खरा श्रोता पाहुणा नसून यजमान असतो. न्यूयॉर्कने 1977 मध्ये हृदयाचे चिन्ह मिरवले, तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून नुकत्याच परतलेल्या त्या लोकांना स्वतःलाच धीर द्यावयाचा होता. आपल्या सरकारने तैत्तिरीय उपनिषदातले ‘अतिथिदेवो भव’ काढून रिक्षावाल्यांना, दुकानदारांना, भोजनगृहवाल्यांना सांगितले. आमच्या मते सगळ्या मोहिमांत हीच शहाणपणाची. आलेल्याला लुबाडले नाही तर तो घरी जाऊन चार जणांना सांगतो, आणि त्या चौघांपुढे भित्तिपत्रकाची काय मातब्बरी?

शेवटी आपल्या दाराशी येऊ. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरास लोक वसतिगृहांची जननी म्हणू लागले. 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे उघडली, खेड्यांतल्या पोरांना खाट आणि भाकरी मिळाली, आणि मग नाव पडले. हुपरीस चंदेरी नगरी म्हणतात तेही तसेच. पैंजणाचे घुंगरू, जोडवी, करदोडा आधी घडले. इथला व्यापारी पेटी घेऊन परमुलखात गेला, तिकडचे गिऱ्हाईक इथे आले, आणि नाव मागाहून चिकटले. शेजारच्या पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला भंडारा उधळला जातो, धनगर समाज महाराष्ट्र-कर्नाटकातून लोटतो, फरांडेबाबांची भाकणूक ऐकतो. अलीकडे त्या पिवळ्या आकाशाची छायाचित्रे पाहून दूरदूरचे छायाचित्रकारही येऊ लागले. त्यांना कोणी घोषवाक्याने बोलावले नव्हते.

गावाने एखादे घोषवाक्य करावे, फलक लावावेत, अशी चर्चा इथे उठली तर आम्ही विरोध करणार नाही. पण अंबाबाईचे दर्शन घेतलेला यात्रेकरू तासाभराच्या आत हुपरीस येऊ शकतो. तो आला तर त्याला काय दिसेल, हे आधी पाहावे. तार ओढणे, घुंगरू जोडणे, उजाळा देणे ही कामे घराघरांत, रेंदाळ-यळगूडपर्यंतच्या ओसऱ्यांवर चालतात, त्यांत बायकांचे हात असतात, आणि परक्या माणसाने कोणत्या दारात उभे राहून पाहावे हे त्याला कळत नाही. बाजारपेठेतली दुकाने बहुतेक ठोक गिऱ्हाइकाची. कोल्हापुरात देवळाबाहेर पैंजण विकत घेणाऱ्या बाईला ते कोठे घडले हे दुकानदार सांगत नाही, आणि तीही विचारीत नाही.