बसलेल्या तासांचा हिशेब

मराठीत 'बैठक' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तालमीत शंभर बैठका मारल्या म्हटलं की घाम आठवतो, आणि गाण्याची बैठक रात्रभर रंगली म्हटलं की लोड, तक्के आणि पानाचं तबक. एकाच शब्दात कष्टही आणि निवांतपणाही. आरोग्यशास्त्राला मात्र ही दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात, आणि त्यातलं दुसरं, म्हणजे फावल्या वेळात नुसतं बसणं, मोजायला फारच उशीर झाला. या मोजमापाचा इतिहास बराचसा कॉलेजच्या मुलांवर घडलेला आहे. मध्यंतरी त्याबद्दल बरंच वाचनात आलं, ते सलग लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप. (जरा लांबण आहे, चहा घेऊन बसा. हो, बसाच!)

काळजी तशी जुनीच. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. बसून काम करणाऱ्या कारागिरांबरोबरच अभ्यासात बुडालेल्या विद्वानांची दुखणीही त्याने नोंदवली. पुढे १७६८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तिसो या डॉक्टरने तर लिहित्या-वाचत्या लोकांच्या प्रकृतीवर स्वतंत्र पुस्तकच काढलं. फार वाचू नका, जरा बाहेर पडा, असा एकंदर सूर. म्हणजे आपल्या आज्या सांगायच्या तेच. पण कोण किती वेळ बसतो याचा आकडा काही दोघांकडे नव्हता.

आकडे आले अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांना, स्टर्न्स यांना, काळजी लागून राहिली होती की मुलं अभ्यासाने खंगतात आणि पदवीपर्यंत प्रकृती गमावून बसतात. म्हणून १८६० मध्ये तिथे आरोग्य आणि व्यायाम यांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १८६१ मध्ये तो एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरकडे आला. हा गृहस्थ १९११ मध्ये वारला तोवर, म्हणजे पन्नास वर्षं, तिथेच होता. पियानोच्या तालावर मुलांकडून लाकडी डंबेल्सचे व्यायाम करून घ्यायचे, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची, वजन, छाती, दंड सगळं मोजून वहीत उतरवायचं, हा त्याचा नेम.

त्याच्या पाठोपाठ १८७९ मध्ये हार्वर्डच्या नव्या व्यायामशाळेत डडली सार्जंट आला. त्याने कप्प्या आणि वजनं लावलेली यंत्रं बनवली आणि मोजमापाचा तर धडाकाच लावला. कॉलेजच्या मुलामुलींच्या असंख्य मापांची सरासरी काढून घडवलेले एका 'सरासरी' तरुणाचे आणि तरुणीचे पुतळे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडले होते. बघणाऱ्यांना मोठं नवल वाटलं असणार. पण जरा विचार करा. या मापांमधून त्या मुलाची छाती किती हे कळतं. तो संध्याकाळी नदीवर होडी वल्हवायला जातो की खोलीत पत्ते कुटत बसतो, हे कुठे कळतं? शरीर मोजलं गेलं, सवय राहूनच गेली.

सवयीकडे लक्ष वळलं ते विसाव्या शतकात, आणि तेही विद्यार्थ्यांमुळे नव्हे, लंडनच्या बसमुळे. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. इथे मोजणं सोपं होतं, कारण हुद्दाच सांगत होता कोण बसतो आणि कोण चालतो. पण कचेरीतले सगळेच बसतात. मग त्यांच्यातला फरक शोधायचा कुठे? अर्थातच फावल्या वेळात. पुढे मॉरिसने ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी विचारलं, की मागच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलंत ते लिहून द्या. त्याचा निष्कर्ष १९७३ मध्ये आला. फावल्या वेळात जोमाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार बराच कमी होता.

आता परत कॉलेजकडे येऊ, कारण या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग तिथेच आहे.

राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन साथरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की जुन्या विद्यापीठांकडे एक खजिनाच पडून आहे. प्रवेशाच्या वेळी मुलांची झालेली वैद्यकीय तपासणी, कोण सिगारेट ओढत होता, कोण कॉलेजच्या संघात खेळत होता, सगळं कागदावर. शिवाय विद्यापीठं आपल्या माजी विद्यार्थ्यांचा पत्ता सहसा हरवू देत नाहीत (देणग्या मागायच्या असतात ना!). त्याने १९१६ ते १९५० या काळात हार्वर्डमध्ये दाखल झालेल्यांना १९६२ आणि १९६६ मध्ये टपालाने प्रश्नावली पाठवली. प्रश्न अगदी साधे. रोज किती जिने चढता? किती चालता? कुठले खेळ खेळता, आठवड्यातून किती वेळ? उत्तरांवरून आठवड्याच्या कॅलरी काढायच्या. हलक्या खेळाला मिनिटाला ५, जोरकस खेळाला १०, असा काहीसा दर.

एकूण १६,९३६ पुरुषांचा हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला २,००० कॅलरींपेक्षा कमी खर्च करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका, जास्त खर्च करणाऱ्या त्यांच्याच वर्गमित्रांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा पुष्कळदा वाचायला मिळतो. पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे. कॉलेजात संघातून खेळलेल्यांना त्या जुन्या खेळाचा फायदा पुढे कधी मिळाला? तर ज्यांनी नंतरही हालचाल चालू ठेवली त्यांनाच. मैदान गाजवून पुढे खुर्चीत स्थिरावलेल्यांच्या गाठीशी काहीच उरलं नव्हतं.

मला हे वाचून आपल्या घरांतल्या गप्पा आठवल्या. लग्नाकार्यात, जेवणं झाल्यावर, 'आम्ही कॉलेजात असताना काय कबड्डी खेळायचो' हे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्या कबड्डीवर पुढची चाळीस वर्षं काढता येतील अशी आपली एक मनातल्या मनात समजूत असते. शरीर मुदत ठेव स्वीकारत नाही, चालू खातंच काय ते ठेवतं. याची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. जो मुलगा कॉलेजात कधी मैदानाकडे फिरकला नाही, त्याच्यावर कायमचा शिक्का बसत नाही, त्याला नंतरही सुरुवात करता येते. पॅफेनबार्गरने स्वतः १९६७ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि पुढे शंभराहून जास्त मॅरेथॉन आणि त्याहून लांबच्या शर्यती धावला. १९९६ मध्ये त्याला आणि मॉरिसला मिळून ऑलिंपिक समितीचा क्रीडाविज्ञानाचा पुरस्कार मिळाला. असो.

या सगळ्यात बसणं कुठे होतं? गंमत म्हणजे कुठेच नव्हतं. जिने मोजले, मैल मोजले, खेळ मोजले, आणि जे उरलं ते शून्य धरलं. कॅनडातल्या गोदँ आणि शेफर्ड यांची १९८५ ची छोटी प्रश्नावली पुढे कॉलेजच्या मुलांवर भरपूर वापरली गेली. तीही आठवड्यात किती वेळा जोराचा, मध्यम आणि हलका व्यायाम केला एवढंच विचारते. रात्री दोनपर्यंत टीव्ही पाहणारा मुलगा आणि दिवसभर प्रयोगशाळेत उभा असलेला मुलगा, दोघांनीही व्यायाम केला नसेल तर दोघांचेही गुण सारखेच. १९९३ मध्ये शेकडो कामांना किती ऊर्जा लागते त्याची एक मोठी यादी निघाली. स्वस्थ बसायला १ धरला तर बसून पत्ते किंवा बुद्धिबळ खेळायला दीड. म्हणजे बसण्याला निदान एक अंक मिळाला!

बसण्याबद्दल सरळ प्रश्न विचारण्याची रीत खऱ्या अर्थाने पसरली ती वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या एका प्रश्नावलीने. तिची बारा देशांतली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या सात दिवसांत जोराची कामं किती, मध्यम किती, चालणं किती, आणि सगळ्यात शेवटी, कामाच्या दिवशी तुम्ही किती वेळ बसता? शेवटी का होईना, प्रश्न आला. पुढे २०१२ मध्ये संशोधकांच्या एका जाळ्याने व्याख्याही पक्की करून टाकली: जागेपणी, बसून किंवा आडवं होऊन, स्वस्थ बसण्याच्या दीडपटीपेक्षा जास्त ऊर्जा लागत नाही असं काहीही. म्हणजे आता 'व्यायाम न करणं' आणि 'बसून राहणं' हे दोन वेगळे दोष झाले. सकाळी तासभर पळून उरलेला दिवस खुर्चीत घालवणारा माणूस पहिल्यातून सुटतो आणि दुसऱ्यात सापडतो.

पण कुणी आपलं बसणं आठवून सांगेल कसं? खेळ आठवतो, कारण त्याला सुरुवात असते, शेवट असतो, बूट शोधावे लागतात. बसणं आठवत नाही. त्याला सुरुवातच नसते, आपण बसलेलेच असतो. म्हणून मग कमरेला किंवा मांडीला लावायची यंत्रं आली. कमरेवरच्या यंत्राला बसलेला माणूस आणि स्वस्थ उभा असलेला माणूस यांत फरक नीट कळत नाही, मांडीवरच्याला कळतो. २०२० मध्ये जगभरच्या विद्यापीठांतले असे अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेलं बसणं सरासरी दिवसाला सव्वासात तासांच्या आसपास भरलं, यंत्रांनी मोजलेलं पावणेदहाच्या आसपास. अभ्यास वेगळे, मुलं वेगळी, त्यामुळे ही वजाबाकी फार ताणू नये हे खरं. तरीही मधले अडीच तास माझ्या मनातून जात नाहीत. या मुलांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. तो वेळ त्यांच्या लेखी घडलेलाच नसावा.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. सगळं बसणं एका मापाने मोजून त्याला रोग म्हणायचं का? कट्ट्यावर मित्राशी रात्री उशिरापर्यंत केलेल्या गप्पा, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात वाचून संपवलेली कादंबरी, मेसमध्ये जेवणानंतर रंगलेला बुद्धिबळाचा डाव, हे सगळं त्या यंत्राला मोबाईलवर अंगठा सरकवत घालवलेल्या दुपारीसारखंच दिसतं. मांडीला मांडीचा कोन तेवढा कळतो. शाळेसाठीचा युरोपीय शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा मूळ अर्थच मुळी 'फुरसत' असा होता. विद्यार्थीदशेतून निवांत बसणंच काढून टाकलं तर काय उरेल कोण जाणे.

पण हिशेब मांडायला हरकत नसावी, निदान स्वतःपुरता. गप्पांचे तास आपल्याला बहुतेक आठवतात. न आठवणारे तास, ते अडीच, कुठल्या खात्यावर गेले ते शोधणं मला जास्त गरजेचं वाटतं, विद्यार्थ्यांनाही आणि त्यांच्या काका-मावश्यांनाही. काल तुम्ही किती तास बसला होतात? अंदाजाने नको, सकाळपासून आठवून एका कागदावर लिहून बघा, आणि बेरीज किती आली ते मलाही कळवा. माझी बेरीज साडेअकरा आली आहे, आणि त्यातले दोन तास नेमके कशात गेले ते अजून सापडलेलं नाही.