तळपायाची साक्ष

अर्धांगवायूचा झटका आलेल्या रोग्यास तपासताना मेंदूविकारतज्ज्ञ पायावरची चादर बाजूस सारतात आणि एखाद्या बोथट वस्तूने तळपायाच्या बाहेरच्या कडेवरून, टाचेपासून बोटांकडे, एक रेघ ओढतात. खाटेजवळच्या नातलगांना याचे नवल वाटते. हात लुळा पडलेला असताना पायाला गुदगुल्या कसल्या करायच्या? आजाऱ्यांच्या भेटीस जाताना हा प्रश्न आम्हीही ऐकला आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकातील पॅरिसला जाऊन पोहोचतो.

तेथील सालपेत्रिएर ही मूळची बंदुकीच्या दारूची जागा. चौदाव्या लुईने १६५६ साली निराधारांच्या आश्रयस्थानांविषयी हुकूम काढला, त्यांत तिचा समावेश झाला. पुढे दोन शतके गरीब, वृद्ध, वेड्या ठरविलेल्या आणि फेपरे येणाऱ्या स्त्रियांना तेथे ठेवीत. १८६२ साली डॉ. झाँ-मार्तां शार्को तेथे विभागप्रमुख झाले, तेव्हा त्या आवारात सुमारे पाच हजार जीव राहत होते. शार्कोंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. चाल, कंप, दृष्टी, वाचा यांची नोंद करावयाची आणि मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जू उघडून बिघाड कोठे होता ते पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. बाहेरच्या खुणेवरून आतला दोष ओळखण्याची विद्या या रीतीने दृढ झाली.

अन्यत्रही हेच काम चालू होते. बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांनी १८४०च्या दशकात दाखवून दिले की, मज्जारज्जूच्या एका विकारात रोगी पाय जुळवून उभा राहतो खरा, पण डोळे मिटताच डोलू लागतो. पाय कोठे आहेत हे त्याला केवळ डोळ्यांमुळे कळत असते. गुडघ्याच्या वाटीखाली ठोकले असता पाय उसळतो, या खुणेचे मोल विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी १८७५ साली स्वतंत्रपणे मांडले.

एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. कित्येक स्त्रियांचे हातपाय लुळे पडत, झटके येत, पण शवविच्छेदनात काहीच आढळत नसे. त्या विकाराला हिस्टेरिया म्हणत. शार्को त्याला मज्जासंस्थेचाच रोग मानीत आणि रुग्णांना संमोहित करून भरसभेत दाखवीत. १८८७ साली आंद्रे ब्रुइए यांनी अशाच एका सभेचे मोठे चित्र रंगविले. त्यात ब्लांश विटमन ही रुग्ण स्त्री मागे कलली आहे आणि एक तरुण वैद्य तिला सावरून धरीत आहे. तो तरुण म्हणजे पोलिश निर्वासितांचा पुत्र जोसेफ बाबिन्स्की.

शार्को १८९३ साली वारले. पुढे १८९६ च्या फेब्रुवारीत बाबिन्स्कींनी अवघ्या अठ्ठावीस ओळींचे एक टिपण वाचले. तळपायाला डिवचले असता निरोगी माणसाची बोटे खाली वळतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारा हालचालीचा मार्ग दुखावला असेल, तर ती वर उठतात. अंगठ्याचे वर उठणे त्यांनी पुढे अधिक स्पष्ट केले. तान्ह्या बाळाचा अंगठाही वर जातो, कारण तो मार्ग अजून पक्का झालेला नसतो. ही खूण सहसा सोंगाने आणता येत नाही. मेंदूचा सीटी स्कॅन माणसावर प्रथम झाला तो १९७१ साली. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी ‘मी खरेच आजारी आहे’ या रोग्याच्या शब्दाला त्याच्याच तळपायाची साक्ष मिळाली.

पण साक्ष नसलेल्यांचे काय? हिस्टेरिया सूचनेने येतो व समजावणीने जातो, असे बाबिन्स्की मानू लागले. पहिल्या महायुद्धात धक्क्याने लुळे पडलेले अनेक सैनिक फ्रान्सच्या रुग्णालयांत आले. त्यांच्या ठायी खूण मिळेना, म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. बाबिन्स्कींचेच शिष्य क्लोव्हिस व्हँसाँ यांनी अशांना विजेचे तीव्र झटके दिले. ज्या परीक्षेने काहींना न्याय दिला, तिच्याच आधारे इतरांवर अन्याय झाला.

आजचे वैद्यक अधिक सावध आहे. अमेरिकेतील चार्ल्स हूवर यांनी १९०८ साली एक युक्ती सांगितली. निजलेला रोगी दुबळा पाय खाटेवर दाबू शकत नाही, पण चांगला पाय उचलू लागताच तोच दुबळा पाय नकळत जोराने खाली दाबला जातो. एके काळी हिचा उपयोग सोंग पकडण्यासाठी होई. आज डॉक्टर ती रोग्यालाच दाखवितात: ‘पाहा, तुमच्या नसांचा मार्ग शाबूत आहे, वापर बिघडला आहे. तो सुधारू शकतो.’ हा बिघाड खरा मानला जातो आणि व्यायामाने व समुपदेशनाने त्यावर उपचार होतात.

आपल्या घरांतही ‘ती सोंग करते’ हे वाक्य सहज उच्चारले जाते. ते उच्चारण्याचा अधिकार आपणांस नाही. तोंड अचानक वाकडे झाले, एका बाजूचा हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून ठेवावे आणि रोग्यास तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. संशय घेत बसल्याने तो वेळ जातो. खरे-खोटे करण्याचे काम तपासणाऱ्यावर सोपवावे. आपले काम आधी विश्वास ठेवण्याचे आहे.