बहुस्तरीय फ्लॅश स्मृती : वाचनाची विश्वसनीयता

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 40 फुटांवर चढले की इशाऱ्याची आणि 45 फुटांवर चढले की धोक्याची पातळी गाठली, अशी नोंद सरकारी दप्तरी होते. पाणी सलग चढत असले तरी त्याचा अर्थ ठरावीक रेषांनीच लागतो, आणि फ्लॅश स्मृतीचे वाचनही तत्त्वतः याच जातीचे आहे. फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये जाहीररीत्या मांडलेल्या या स्मृतीच्या प्रत्येक पेशीत विद्युत्भार कोंडलेला असून त्याच्या प्रमाणावरून तिची पातळी ठरते. एका पेशीत दोन बिट ठेवण्यास 4 पातळ्या व त्यांमधील सीमा ठरवणारे 3 संदर्भदाब (तुलनेसाठीचे विद्युत्दाब), तर चार बिटांस 16 पातळ्या व 15 संदर्भदाब लागतात, आणि पातळ्यांमधील अंतर उत्तरोत्तर आकसत जाते.

येथे मात्र पाणीच चोरपावलांनी ओसरते. लेखन-पुसणीच्या आवर्तनांनी निरोधक थर झिजतो, भार गळतो, आणि माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडील उन्हाळ्यासारख्या उष्णतेत ही गळती अधिक त्वरेने होते. शेजारच्या पेशींचा उपद्रव निराळाच.

यामुळे चुकणाऱ्या वाचनावर पहिली तजवीज सांकेतिक : ग्रे संकेतामुळे लगतच्या पातळ्यांत एकाच बिटाचा फरक राहतो, म्हणून एक पायरी चुकली तरी एकच बिट बिघडते. दुसरी, आणि अधिक मर्मग्राही, म्हणजे संदर्भदाब किंचित सरकवून केलेले फेरवाचन. अशा अनेक वाचनांतून प्रत्येक बिटाच्या खरेपणाची संभाव्यता काढून ती रॉबर्ट गॅलेजर यांनी 1960 च्या सुमारास योजलेल्या विरळ-समता या त्रुटिसुधारक संकेतांच्या हवाली केली जाते. किंमत वेळेची पडते.