सेरिफविरहित इटालिक मुद्राक्षरे

रोमन लिपीतील अक्षररेषांच्या टोकांशी असणारे बारीक आडवे फाटे (सेरिफ) वगळून उजवीकडे कलती घडविलेली मुद्राक्षरे. इटालिक आणि सेरिफविरहित या दोन्ही प्रकारांचे मूळ भिन्न आहे. इटालिक खिळे फ्रांचेस्को ग्रीफो याने व्हेनिसचा मुद्रक-प्रकाशक आल्दस मनूशिअस याच्यासाठी कोरले. त्यांत छापलेला पहिला ग्रंथ म्हणजे १५०१ मधील व्हर्जिलच्या काव्यांची आवृत्ती होय. या अक्षरांस तत्कालीन विद्वानांच्या शीघ्र हस्ताक्षराचा आधार होता. सेरिफविरहित अक्षराचा पहिला ज्ञात ठसा मात्र लंडनच्या विल्यम कॅस्लन (चौथा) याच्या १८१६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांत आढळतो व त्यात केवळ मोठी अक्षरे होती. लेखणीशी फारसे नाते नसलेल्या अशा अक्षराला हस्ताक्षराची वळणे द्यावीत, की उभे अक्षरच कलते करावे, हा पुढील वादाचा विषय ठरला.

स्टॅन्ली मॉरिसन याने १९२६ मध्ये कलत्या रोमन अक्षराचा पुरस्कार केला. एरिक गिलच्या ‘गिल सॅन्स’ (१९२८) च्या इटालिकमध्ये मात्र एकमजली ‘a’ आणि ‘p’ ची लेखणीसारखी सुरुवात राखलेली दिसते. आद्रियान फ्रूटिगर याने ‘युनिव्हर्स’ (१९५७) ची एकवीस रूपे प्रारंभापासून एकत्र आखली. त्यांस दिलेल्या दोन अंकांपैकी पहिला जाडी, तर दुसरा रुंदी व कल दर्शवितो. यानुसार ४५ हे हलके उभे व ४६ हे हलके कलते रूप होय.

हलक्या रूपात कलतेपणाची खरी कसोटी लागते. अक्षर नुसते यांत्रिक रीतीने कलविले, तर ‘o’ ची वरची उजवी व खालची डावी वळणे जाड होतात आणि उरलेली दोन बारीक होतात. रेषा मुळातच कृश असल्याने लहान आकारात किंवा गडद पार्श्वभूमीवरील पांढऱ्या छपाईत, शाई पसरल्यामुळे, ती नाहीशीही होते. म्हणून निवड करताना संगणकाने आपोआप कलविलेले रूप टाळून स्वतंत्रपणे रेखाटलेले इटालिक घ्यावे. प्रत्यक्ष वापरावयाच्या आकारात व कागदावर छापून ते पाहावे. चित्रपरिचय, अवतरणे व मोठी शीर्षके यांस ते शोभते. दीर्घ मजकुरास ते क्वचितच मानवते.

देवनागरीत इटालिकची अशी स्वतंत्र परंपरा नाही. अक्षर कलविले तरी शिरोरेषा आडवीच राहते व केवळ दंड झुकतात. त्यामुळे मराठी मुद्रणात शब्दावर भर देण्यासाठी ठळक ठशाचा आश्रय घेतला जातो.